दोनदा फोन केला, उत्तर नाही

बायोडेटा समोर आला की मी आधी नाव वाचत नाही, महिने वाचतो. माणूस हुद्दा फुगवतो, जबाबदाऱ्या फुगवतो, पण उघडा पडतो तो महिन्यांत. मार्चमध्ये एक नोकरी सोडली आणि एप्रिलमध्ये दुसरी धरली, असं ज्याचं पंधरा वर्षं बिनचूक चाललं आहे त्याची मला शंका येते, कारण इतकं सरळ कुणाचंच चालत नाही. मध्येच तीन वर्षं रिकामी असतील तर आणखी शंका येते. आणि त्या तीन वर्षांत काहीतरी भरलेलं असेल तर विचारूच नका.

हा माझा निवृत्तीनंतरचा धंदा. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात मी या धंद्यातल्या गमती सांगितल्या आणि तुम्ही सगळे मनापासून हसलात. त्यातली शेवटची गोष्ट खोटी होती. हा लेख मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी मागितलेला नाही. मी जागा मागून घेतली आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. युरोपातल्या एखाद्या कंपनीने माणूस निवडला की नेमणूक पक्की करण्याआधी त्याने लिहिलेलं खरं आहे का, हे तपासून घेतात. ते तपासण्याचं काम तिकडची दुसरी एक कंपनी घेते, आणि ती ते आपल्याकडे पाठवते. म्हणजे पोलंडच्या मुलाला आयर्लंडमध्ये नोकरी लागणार की नाही, याचा कागद भोपाळात शाहपुऱ्याच्या तलावाजवळ एका दुकानावरच्या मजल्यावर तयार होतो. मी तो अवधपुरीत, घरच्या जेवणाच्या टेबलावर तयार करत असे. दुपारी एकला तिकडची ऑफिसं उघडतात, तेव्हा बसायचं. जुन्या मालकांना, कॉलेजांना, ओळख देणाऱ्यांना ईमेल पाठवायचे, फोन करायचे आणि शेवटी रंग द्यायचा. हिरवा म्हणजे खरं. लाल म्हणजे खोटं. पिवळा म्हणजे पडताळता आलं नाही.

पिवळा हा कागदावर निरुपद्रवी रंग आहे. प्रत्यक्षात कंपन्या पिवळ्याला लाल समजतात. त्यांना कुणाला खोटारडं म्हणायचं नसतं आणि धोकाही घ्यायचा नसतो, म्हणून पिवळा त्यांच्या सोयीचा. कधीकधी तर मला वाटे की त्यांना पिवळाच हवा असतो. हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं होतं. तरी मी पिवळे रंग सढळ हाताने दिले.

या कामाला मी लायक ठरलो तो माझ्या जुन्या नोकरीमुळे. राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा माझे वडील खात्याच्या फायलींबरोबर इकडे आले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. मीही पुढे एका खात्याच्या आस्थापना शाखेत चिकटलो. नव्या नेमणुकांची प्रमाणपत्रं तपासणं हे माझं टेबल. बोर्डाला पत्र टाकायचं, उत्तर आलं नाही तर पहिलं स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग टिपणी: ‘दोन स्मरणपत्रे दिली, उत्तर अप्राप्त.’ एवढी ओळ पडली की फाइल वर जायची. खरं सांगायचं तर माझ्या टेबलावरचं दुसरं स्मरणपत्र पुष्कळदा टिपणीतच जात असे, टपालात नाही. यात काही लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. फाइल पूर्ण दिसली पाहिजे, एवढंच मी शिकलो होतो.

निवृत्तीनंतर दोन वर्षं मी एका इंटरनेटवरच्या ग्रंथालयासाठी जुन्या मराठी पुस्तकांची पानं तपासून द्यायचो. स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं संगणक चुकीची वाचतो, ती सुधारायची. बिनपगारी काम. त्या ग्रंथालयाच्या एकाही माणसाला मी कधी पाहिलं नाही. शाहपुऱ्याच्या ऑफिसात अर्ज दिला तेव्हा तेही लिहिलं होतं. तिथली प्रमुख पल्लवी, भोपाळातच जन्मलेली मराठी मुलगी, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची. तिने तो कागद वाचला आणि म्हणाली, “काका, ये तो बढिया है. म्हणजे तुम्हाला कॉम्प्युटरची भीती नाही.” तिने कुणाला फोन केला नाही, पत्र मागितलं नाही. माझे केस पांढरे होते, तेवढं पुरलं.

सुरुवातीची दोन वर्षं मी फार खुशीत होतो. स्पेनचा एक पोरगा होता, चित्रं आणि जाहिराती घरूनच करून देणारा. त्याने तीन गिऱ्हाइकांची नावं ओळखीसाठी दिली होती. तिघांची उत्तरं चार मिनिटांच्या आत आली, तीही तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत. मी तिघांना वेगवेगळा प्रश्न पाठवला, तर तिघांनी आधीच्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा दिलं. एक त्याची मावशी निघाली आणि दोन तो स्वतः. बेल्जियमच्या एका पाववाल्याने मला उलट लिहिलं, ‘ती मुलगी उत्तम होती, पण तुम्ही कोण? तुमची ओळख कोण देणार?’ मी पल्लवीला दाखवलं. ती म्हणाली, “काका, शेरास सव्वाशेर मिला.” सुमन, माझी पत्नी, म्हणायची, “तुम्ही आता दूधवाल्याचाही जबाब घ्यायला लागलात.”

ईमेलमध्ये मी पट्टीचा. फोनची गोष्ट वेगळी. पहिल्याच महिन्यात मी डब्लिनच्या एका गृहस्थाला फोन लावला होता. माझं इंग्रजी कागदावर चांगलं आहे. पण मी एक वाक्य तीनदा म्हटलं, तरी त्यांना कळेना. त्यांचं मला कळेना. शेवटी ते अगदी सभ्यपणे म्हणाले, तुमच्याकडे दुसरं कुणी बोलायला आहे का. मी फोन ठेवला. कान तापले होते. पस्तीस वर्षं साहेबांची इंग्रजी पत्रं लिहून देणारा माणूस मी.

त्यानंतर मी फोन जवळजवळ बंद केले. नियम असा होता की ईमेलला उत्तर आलं नाही तर दोन वेगळ्या दिवशी दोन फोन. मी नमुन्यात लिहू लागलो: ‘दोनदा फोन केला, उत्तर नाही.’ मी घरून काम करायचो, त्यामुळे त्या फोनची ऑफिसात आपोआप नोंद होत नसे. पल्लवी विचारायची, “काका, कॉल केला ना पक्का? बस, मी टिक करून देते.” मी म्हणायचो, केला. ती टिक करायची. तिची सही दुसऱ्या तपासणीची.

आता मुख्य गोष्ट. मधल्या काळात आमच्याकडे एक नवाच प्रकार यायला लागला. नोकरीच्या जागी ऑफिसचं नाव नाही, गाव नाही, नुसती वेबसाइट. कुणी इंटरनेटवर भाषांतरं करतो, कुणी घरी बसून चित्रांना नावं देतो. आणि काहीजण तर पगाराशिवाय. पूर आलेल्या देशाचे नकाशे घरातून काढायचे, युद्धातून पळून आलेल्यांना व्हिडिओवरून भाषा शिकवायची. तिकडच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की स्वयंसेवेचाही अनुभव धरला जाईल. मी त्यावर हसत असे. फुकट राबवून घ्यायचं आणि वर ‘अनुभव मिळेल’ म्हणायचं, ही युक्ती मला नवी नव्हती. आणि राबणाऱ्याबद्दलही शंका होतीच. जिथे पगार नाही तिथे हजेरी नाही, आणि हजेरी नाही तिथे माणूस कामावर होता हे कशावरून?

मारिना ही अशी एक अर्जदार. नाव मी बदललं आहे. ग्रीसमधल्या एका लहान गावची, वय चव्वेचाळीस. आधी अकरा वर्षं एका हॉटेलच्या स्वागतकक्षात. मग आईच्या आजारपणात नोकरी सोडली. त्यानंतरच्या तीन वर्षांत तिने लिहिलं होतं: घर सोडून आलेल्या लोकांच्या मदतीच्या एका वेबसाइटवर स्वयंसेवक. पहिलं वर्ष प्रश्नांना उत्तरं देणं, डॉक्टर कुठे मिळेल, शाळेचा अर्ज कसा भरायचा. पुढे तीस स्वयंसेवकांच्या पाळ्या लावणं, नव्यांना शिकवणं. ज्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती तीही तशीच, घरून करायची, ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या गटाची प्रमुख. म्हणजे त्या तीन वर्षांवरच सगळं उभं होतं.

ओळख देणारा योनास नावाचा माणूस. त्याचं पत्र जोडलं होतं. वर छापील मथळा नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. ईमेलचा पत्ता फुकट मिळतो तसला. आणि पत्रातल्या तीन ओळी मी आधी कुठेतरी वाचल्या होत्या. जुन्या केस उघडून पाहिलं, तर सहा महिन्यांपूर्वीच्या एका मुलाच्या पत्रात शब्दशः त्याच ओळी. आमच्या शाखेत असली जुळी पत्रं सापडली की समजायचं, दोन्ही एकाच दुकानातून विकत आणलेली. मला शिकार सापडल्याचा आनंद झाला. तो आनंद मला आजही नीट आठवतो.

योनासला ईमेल केला. दोन दिवस उत्तर आलं नाही. पत्रात त्याचा फोन नंबर होता. मी फोन केला नाही. लिहिलं: ‘पत्राचा मजकूर दुसऱ्या उमेदवाराच्या पत्राशी जुळतो. ओळख देणाऱ्यास दोनदा फोन केला, उत्तर नाही.’ रंग पिवळा. पल्लवीने विचारलं, मी केला म्हणालो, तिने टिक केली. आठवड्याने कळवलं गेलं की कंपनीने नेमणूक मागे घेतली.

मग गणपती आले. ‘निवृत्तांचे अनुभव’ या कार्यक्रमात मी ही गोष्ट शेवटी ठेवली. नाव सांगितलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. इंटरनेटवरची समाजसेवा, एकाच साच्यातली पत्रं. आणि म्हणालो, “मी दोनदा फोन लावला. पण उचलणार कोण? माणूस असेल तर उचलेल ना.” सभागृह हसलं. मागच्या रांगेतूनही टाळ्या आल्या.

घरी परतताना आम्ही रिक्षात बसलो. सुमन म्हणाली, “अहो, तुम्ही त्या माणसाला फोन कधी केलात?”

“दुपारी. असेल केव्हातरी.”

“दुपारी मी घरातच असते. तुम्हाला फोनवर इंग्रजीत बोलताना मी आजवर ऐकलं नाही.”

“तो उचललाच नाही, तर बोलणार काय?”

“लावताना तरी दिसला असता,” ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला वळण सांगितलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मला मात्र वाटू लागलं की आता ती माझ्या प्रत्येक वाक्याचे महिने मोजते आहे.

दिवाळीआधी पल्लवीचा फोन आला. तिकडच्या कायद्याप्रमाणे आपल्याबद्दल कुठे काय लिहिलं आहे ते माणसाला मागवून पाहता येतं. मारिनाने ते मागवलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं: योनासचा फोन त्या आठवड्यात चालू होता, भारतातून एकही फोन आला नाही, आलेल्या सगळ्या फोनची यादी सोबत जोडली आहे.

“काका, तुम्ही केला होता ना?” पल्लवीने विचारलं.

इथे मी खरं बोललो असतो तर हा लेख निम्म्यावर संपला असता. मी म्हणालो, “केला होता. लागला नसेल. विदेशी नंबर, काहीतरी टेक्निकल असेल.”

“हां, वही तो. मी तसंच लिहिते. टेन्शन नका घेऊ.” तिने माझ्यासाठी ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहून पाठवलं. तक्रार बंद झाली. रंग पिवळाच राहिला.

मी पस्तीस वर्षं आणि वर चार, दुसऱ्यांच्या कागदांवर शंका घेतली. आपल्या एका ओळीवर शंका घ्यायला मला आणखी तीन आठवडे लागले. एका दुपारी सुमन बँकेत गेली असताना मी तो नंबर लावला. ती घरी नसताना लावला, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या घंटेला उचलला. मी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. त्याला पहिल्यांदा कळलं नाही. तो म्हणाला, हळू बोला, माझंही इंग्रजी शाळेतलंच आहे. मग आम्ही दोघे शाळेतल्या इंग्रजीत बोललो. पत्रं सारखी का आहेत, मी विचारलं. तो म्हणाला, “मला पत्र लिहिता येत नाही. मी सुतार आहे, संध्याकाळी हे काम करतो. एक पत्र मारिनाने सगळ्यांसाठी तयार करून दिलं होतं. नाव आणि काम बदलायचं, बाकी तेच.” माझा ईमेल पाहिला नाही का, विचारलं. तो फार दिवसांनी नको असलेल्या पत्रांच्या ढिगात सापडला म्हणाला. मग म्हणाला, “तिने मला सांगितलं होतं की फोन येईल. चार दिवस मी करवत बंद ठेवून फोन खिशात नाही, टेबलावर ठेवला. आवाजात ऐकू येणार नाही म्हणून. तुम्ही केला नाहीत.”

मी म्हणालो, नाही केला. ते वाक्य त्याला पहिल्याच वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी शाहपुऱ्याला गेलो. पल्लवीने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. “काका, हे लिहून देणं जरुरी है क्या? केस बंद आहे. त्या बाईची जागा केव्हाच भरली असेल. आणि दुसरी सही कुणाची आहे, माहीत आहे ना?”

“तुझी. मी तुझ्याशी दोनदा खोटं बोललो असंही लिहितो.”

“लिहा. पण ते वाचणारे म्हणतील, ही बघत काय होती.” तिने पेन माझ्याकडे सरकवलं. “मला वाटायचं काका म्हणजे पत्थर की लकीर. बाकी सगळ्या मुलांचे कॉल मी तपासते. तुमचे तपासले नाहीत.” ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

मी सविस्तर लिहून दिलं. मारिनाचा रंग हिरवा झाला. जागा भरलेली होती. मला तपासणाऱ्यांच्या यादीतून काढलं, ते योग्यच. पल्लवीला लेखी समज मिळाली, ती माझ्यामुळे. मारिनाला मी वेगळं पत्र लिहिलं, कंपनीमार्फत. माफी मागितली नाही असं नाही, पण मुख्य म्हणजे काय घडलं ते क्रमाने लिहिलं. तिचं उत्तर तीन ओळींचं होतं. कळवल्याबद्दल आभारी आहे. अजून नोकरी शोधते आहे. आणि तिसरी ओळ: ‘माझ्याआधी तुम्ही असंच आणखी कुणाबद्दल लिहिलंत?’

क्षमा केली की नाही, ते तिने लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. पण तो प्रश्न मी पल्लवीला वाचून दाखवला. तिने ‘दोनदा फोन केला, उत्तर नाही’ ही ओळ असलेल्या माझ्या सगळ्या पिवळ्या केस काढून दिल्या. म्हणाली, “काका, यातले खरे कोणते ते सांगा, बाकीचे आपण परत बघू.”

मी यादी खाली-वर वाचली. दोन-तीन आठवत होते. एका ठिकाणी खरंच घंटा वाजत राहिली होती, एका ठिकाणी कुत्रं भुंकलं होतं. बाकीच्यांबद्दल काही सांगता येईना. अक्षर न अक्षर तेच, दिवस दोन, तारखा पद्धतशीर. दुसऱ्या कुणाचे हे कागद असते, तर मी एका नजरेत म्हटलं असतं की सगळे बनावट आहेत.

या फेरतपासणीला तिकडच्या कंपनीने परवानगी दिली आहे. आता आठवड्यातून तीन दुपारी मी शाहपुऱ्याला जातो आणि पल्लवीसमोर बसून ते फोन करतो. ती कानाला यंत्र लावून ऐकते. माझा भरवसा नाही म्हणून ऐकते, हे तिने सांगितलेलं नाही, पण मला ते ठीक वाटतं. काल पोलंडच्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन लावला. त्यांच्या एका विद्यार्थ्याने गतिमंद मुलांना इंटरनेटवरून गणित शिकवल्याचं लिहिलं होतं. मी नाव सांगितलं आणि म्हणालो, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला दोनदा फोन केल्याचं लिहिलं आहे. मी केला होता की नाही, ते तुम्हीच सांगा.

बाई म्हणाल्या, नाही. मग म्हणाल्या, “त्याला ती नोकरी का मिळाली नाही, हे आम्हाला कधी कळलंच नाही.”

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणालो, तेच सांगायला फोन केला आहे.